प्लेगाची सांथ आणि लोकांचा विश्वास

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ग्रंथिक सन्निपात ओळखला. रोगाला नांव मिळालें. परंतु तो उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हें तेव्हां जाणत्या वैद्यांसही ठाऊक नव्हतें.

रोग्यांना घरांतून इस्पितळांत नेण्याचे हुकूम सुटले. तेथें त्यांचें काय करणार, हें मात्र घरच्या माणसांना कोणी उलगडून सांगितलें नाहीं. जेथें माहिती पोहोंचली नाहीं तेथें कंडी पोहोंचली : इस्पितळांत माणसांची मोमियाई काढतात! ऑक्टोबरांत गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला.

पुण्यांत १८९७ सालीं गोऱ्या सोजिरांनीं घरें धुंडाळलीं. देवघरें, माजघरेंही सुटलीं नाहींत. लोक आजाऱ्यांस लपवूं लागले. २२ जूनच्या रात्रीं प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली.

याच काळांत दुसरी रीतही दिसली. हाफकीन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःसच टोचून घेतली. आगाखानांनीं ती आपल्या अनुयायांदेखत टोचून घेतली, तेव्हां पुष्कळांची भीति मोडली. मुंबईंत निरनिराळ्या ज्ञातींचीं इस्पितळें निघालीं. तेथें माणसें आपलीं, भाषा आपली, म्हणून रोगी जाण्यास कमी कचरत.

मार्च १८९८ मध्यें मुंबईंत पुन्हां दंगा उसळला, आणि पुढें सरकारनेंही सक्ती सैल केली. हुकमानें रोग्याला इस्पितळांत नेतां येतें. त्याचा विश्वास मात्र समजावून सांगितल्यावांचून मिळत नाहीं, हें त्या सांथीनें फार मोठी किंमत घेऊन शिकविलें.