औंधच्या राजाने सोडलेली सत्ता

विट्याच्या भोवती एका जुन्या संस्थानाचे तीन तुकडे पसरलेले आहेत. वायव्येस औंध, पूर्वेस आटपाडी, नैर्ऋत्येस कुंडल. विटे ब्रिटिश अमलाखाली होते. हे तिन्ही मुलूख औंधच्या पंतप्रतिनिधींचे. एकतंत्री सत्ता लोकशाहीत कशी रूपांतरित होते याचा दाखला द्यायचा झाला, की आपले विद्वान स्पेनकडे धाव घेतात. 1975 मध्ये फ्रँको वारल्यावर तेथे राजा आला व 1978 च्या राज्यघटनेने सत्ता लोकांच्या हाती गेली, हे खरेच. परंतु तत्पूर्वी जवळजवळ चाळीस वर्षे, आपल्या माणदेशाच्या उंबरठ्यावर असाच एक प्रयोग झाला होता.

भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 पासून गादीवर होते. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. प्रजावत्सल खरे, पण शेवटी राजेच. त्यांचा शब्द हाच कायदा. 1938 मध्ये त्यांनी सारी सत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचे घोषित केले. चिरंजीव आप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने घटना तयार केली. ती जानेवारी 1939 मध्ये अमलात आली. बहात्तर गावांचे ते चिमुकले राज्य. प्रत्येक गावी पाच जणांची पंचायत, तिच्यावर तालुक्याची समिती आणि त्यांच्यातून विधिमंडळ, अशी खालून वर चढत जाणारी रचना होती. गावचे तंटे गावातच मिटावेत हा तिचा गाभा. फ्रीडमन यांच्याच प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची भिंतीविना वसाहत उभी राहिली. 1957 चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट तिच्यावरूनच सुचला. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर याच मातीतले.

मात्र दान म्हणून मिळालेल्या सत्तेची परीक्षा झाली ती कुंडलमध्ये. 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने ब्रिटिश सातारा जिल्ह्यात आपली न्यायमंडळे थाटली. कुंडल हे त्याचे मोठे केंद्र, आणि ते संस्थानी हद्दीत! ब्रिटिश पोलिसांना तेथे सहजासहजी शिरता येत नसे. म्हणजे एकाच गावाने स्वराज्याच्या दोन वाटा पाहिल्या: एक राजवाड्यातून उतरलेली, दुसरी रानातून वर आलेली. दुसरीचा न्याय कधीकधी फार कठोर होता, तळपायांवर फटके देणारा. तो आपण विसरू नये. पहिलीत असे भय नव्हते, पण तिचे स्थैर्य वृद्ध राजाच्या पुण्याईवर उभे होते, असे मला वाटते. स्वतःच्या बळावर उभे राहण्यास तिला उणीपुरी नऊ वर्षेच मिळाली.

8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ती घटना संपुष्टात आली. पुढच्याच वर्षी सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले; औंध उत्तरेकडे राहिले, आटपाडी व कुंडल दक्षिणेकडे आले. आप्पासाहेब परदेशांत भारताचे राजदूत झाले. राजेसाहेब 1951 मध्ये निवर्तले. माळावरचे स्वतंत्रपूर मात्र नव्या राज्यातही चालू राहिले.