जुन्या मोटारीचें पाणी

मोटारगाडीचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे वेग, अश्वशक्ति आणि पेट्रोल यांच्याच गोष्टी निघतात. यंत्राच्या पोटांतून सतत फिरणाऱ्या पाण्याची आठवण कोणी काढीत नाहीं. तें उकळून वाफ निघूं लागली म्हणजेच तें तेथें होतें हें मालकास समजतें! आजच्या भाषणांत या पाण्याचा पूर्ववृत्तांत श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे. तो केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. वडिलांच्या हातची एखादी जुनी गाडी ज्यांनीं जपून ठेवली आहे, त्यांच्या गाडीचें आयुष्य बरेंचसें या पाण्यावर अवलंबून असतें. आणि तें वर्षानुवर्षें न बदलण्याची जी चूक आपल्याकडे होते, तिचें मूळ या इतिहासांतच सांपडतें.

मुळांत यंत्राला पाणी लागतें कशाला? सिलिंडरांत पेट्रोल पेटतें त्या क्षणीं ज्वाळेचें उष्णतामान दोन हजार अंश सेंटिग्रेडच्याही वर जातें. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें, आणि बीड सुमारें १२०० अंशांवर. अर्थात् धातूची भिंत सतत निवविली नाहीं, तर यंत्र आपल्याच आगींत नष्ट होईल. पेट्रोलपासून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळ मानानें एक तृतीयांश भाग चाकांकडे न जातां या पाण्याच्या वाटेनें बाहेर पडतो.

कार्ल बेंझ यांनीं २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, तिला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोंवतीं पाणी ठेवावें, तें उकळून वाफेच्या रूपानें उडून जावें, आणि उडालें तेवढें पुन्हा ओतावें, अशी ती साधी योजना होती. १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटर गेल्या. इंधनासाठीं त्यांना वाटेंत वीस्लोख येथील औषधाच्या दुकानीं थांबावें लागलें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. पण पाण्यासाठीं त्यांना याहून कितीतरी अधिक वेळां थांबावें लागलें, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

तापलेलें पाणी उडूं न देतां पुन्हा थंड करून तेंच वापरावें, ही पुढची पायरी. हा प्रश्न नीट सुटला तो विल्हेल्म मायबाख यांच्या हातून. १९०० सालाच्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सेडिस गाडीला त्यांनीं मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसविला. त्यांत ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांमधल्या फटींतून पाणी. पृष्ठभाग एवढा वाढला कीं, पूर्वीच्या निम्म्या पाण्यांत काम भागूं लागलें. पुढें १९०८ सालीं हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी ही गाडी निघाली. तिच्या पहिल्या सुमारें अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता. मागाहून तो काढून टाकण्यांत आला. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें आणि निवलेलें जड होऊन खालीं उतरतें, या निसर्गाच्या नियमावरच लक्षावधि गाड्या चालल्या.

याप्रमाणें पाणी यंत्राचें कायमचें रहिवासी झालें. आणि त्याबरोबरच बर्फ व गंज हे त्याचे दोन शत्रूही यंत्रांत शिरले.

बर्फाकडे लक्ष आधीं गेलें, कारण मोटारी प्रथम थंड देशांत वाढल्या. पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं फुगतें, आणि त्या दाबानें बिडाचा ठोकळा तडकतो. म्हणून हिंवाळ्यांत तिकडील लोक रोज रात्रीं पाणी सोडून देत व सकाळीं पुन्हा भरीत. कोणी पाण्यांत मद्यार्क मिसळी. तो गरम यंत्रांतून उडून जाई. कोणी कॅल्शियम क्लोराइड हा क्षार घाली. तो धातूलाच खाई. यावरचा उपाय एका जुन्या शोधांत दडलेला होता. शार्ल आदोल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८५६ सालीं एथिलीन ग्लायकॉल हा गोडसर, दाट द्रव तयार केला होता. पहिल्या महायुद्धांत त्याचा स्फोटकांकडे उपयोग झाला, आणि १९२७ सालीं अमेरिकेंत यूनियन कार्बाइड समूहानें तो प्रेस्टोन या नांवानें मोटारवाल्यांसाठीं बाजारांत आणला. ग्लायकॉल आणि पाणी समभाग मिसळलें, तर तें मिश्रण शून्याखालीं सुमारें ३७ अंशांपर्यंत गोठत नाहीं, आणि उकळतें तेंही १०७ अंशांच्या आसपास. शुद्ध ग्लायकॉलचा उत्कलनबिंदु १९७ अंश असल्यामुळें तें मद्यार्काप्रमाणें उडून जात नाहीं. म्हणूनच व्यापारांत त्यास ‘कायमचें’ असें विशेषण लागलें. या एका विशेषणानें पुष्कळ घोटाळा केला!

आपल्याकडे ही विद्या गाडीबरोबर आली खरी, परंतु अर्धीच. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत तयार होणाऱ्या फियाट ११०० गाडीचेंच उदाहरण घेऊं. १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरमध्यें निवृत्त झाली. तथापि हौसेनें जपलेल्या पद्मिनी आजही घरोघरीं आढळतात. मुंबईस बर्फ पडत नाहीं, मग बर्फाचें औषध हवें कशाला, असा सरळ तर्क पुष्कळांनीं केला आणि नळाचें अथवा विहिरीचें पाणी ओतीत राहिले. बोरघाट चढतांना बॉनेट उघडून निवत उभ्या असलेल्या गाड्या ही त्या काळीं नित्याची गोष्ट होती.

हा तर्क चुकला तो दुसऱ्या शत्रूचा विसर पडल्यामुळें. पद्मिनीचा ठोकळा बिडाचा, वरचें हेड ॲल्युमिनियमचें आणि रेडिएटर तांब्यापितळेचा. भिन्न धातू एकाच क्षारयुक्त पाण्यांत ठेवले म्हणजे शाळेंतल्या विद्युत्‌घटाप्रमाणें त्यांत मंद प्रवाह सुरू होतो, आणि त्यांतला दुबळा धातु झिजत जातो. बीड गंजतें, तो तांबूस गाळ रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. विहिरीच्या जड पाण्यांतला चुना भिंतींवर साचून किटण होतो, आणि उष्णतेची वाट अडते. हें सर्व थोपविण्यासाठीं तयार कूलंटमध्यें गंजरोधक द्रव्यें घातलेलीं असतात. आपल्या देशांत कूलंटचें महत्त्व मुख्यतः या द्रव्यांमुळें आहे.

परंतु हीं द्रव्यें कामीं येतां येतां संपतात. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्यें तीं सुमारें दोन वर्षें पुरतात. १९९० नंतरच्या दशकांत आलेल्या सेंद्रिय आम्लांच्या प्रकारांत सुमारें पांच वर्षें. शिवाय ग्लायकॉलचेंही उष्णता आणि हवा यांच्या योगानें हळूहळू आम्ल बनतें, आणि रक्षक होता तोच भक्षक होतो. मौज अशी कीं, पातळी मात्र तेवढीच राहते. टांकी भरलेली दिसते, म्हणून मालक निश्चिंत असतो.

येथें थोडें अंकगणित उपयोगी पडेल. समजा, गाडींत एकंदर सहा लिटर द्रव मावतो. रेडिएटरच्या तळाची तोटी उघडली, तर त्यांतला तीनच लिटर बाहेर आला. उरलेला ठोकळ्यांत व हीटरांत राहिला. आतां नवा तीन लिटर भरला, तरी निम्मा जुनाच. गाडी फिरवून पुन्हा तसेंच केलें, तर चौथा हिस्सा जुना; तिसऱ्यांदा केलें, तर आठवा हिस्सा. म्हणून ज्या गाडीच्या ठोकळ्यालाही पाणी सोडण्याची तोटी अथवा बूच असेल, तिचें तेंही उघडावें आणि हीटर असल्यास त्याची कळ खुली ठेवावी. हें सर्व यंत्र पूर्ण निवल्यावरच करावें. तापलेल्या रेडिएटरचें झाकण काढल्यास वाफेचा फवारा तोंडावर येऊन माणूस भाजतो. मग साधें पाणी भरून, यंत्र तापवून, निववून सोडावें, आणि पाणी नितळ येईपर्यंत हाच क्रम चालवावा. शेवटीं भरतांना आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ठोकळ्यांत धुण्याचें पाणी थोडें तरी राहतेंच. यास्तव एकंदर मापाच्या निम्मा निर्भेळ कूलंट आधीं ओतावा आणि वर मावेल तेवढें ऊर्ध्वपातित पाणी घालावें, म्हणजे प्रमाण चुकत नाहीं. यंत्र चालवून हवेचे बुडबुडे निघून गेले कीं, निवल्यावर पातळी पुन्हा पहावी. भिन्न प्रकारचे कूलंट एकमेकांत मिसळूं नयेत, आणि केवळ रंगावरून प्रकार ओळखूं नये. रंग हा कारखानदाराच्या मर्जीचा असतो.

बाहेर काढलेल्या द्रवाविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ग्लायकॉल गोड आहे आणि विषारी आहे. कुत्रीं, मांजरें तें चाटतात आणि मूत्रपिंडें निकामी होऊन मरतात; लहान मुलांनाही तोच धोका. त्याच्याच जातींतल्या डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ झालेल्या ग्लिसरिनमुळें १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत १४ रुग्ण दगावले, आणि त्याच्या चौकशीसाठीं न्यायमूर्ति लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. म्हणून काढलेला कूलंट उघड्या परातींत ठेवूं नये, गटारांत अथवा झाडाच्या बुंध्याशीं ओतूं नये, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलींत तर मुळींच भरूं नये. नांव लिहिलेल्या बंद डब्यांत ठेवून, असा टाकाऊ माल रीतसर स्वीकारणाऱ्या कारखान्याच्या स्वाधीन करावा.

बर्फाच्या भीतींतून जन्मलेलें हें द्रव्य आपल्या उष्ण देशांत गंजाशीं लढतें, आणि लढतां लढतां थकतें. त्याची थकावट डोळ्यांना दिसत नाहीं. ती दिनांकावरूनच ओळखावी लागते. ज्यांच्या घरीं जुनी गाडी आहे, त्यांनीं तिच्या कागदपत्रांत पाणी बदलल्याची तारीख लिहून ठेवावी. आणि अशी तारीख कोठेंच सांपडत नसेल, तर बदलण्याची वेळ आली आहे असें खुशाल समजावें.