आयुष्य थोडं आहे, मग करायचं काय? ‘दिवस मोजण्या’चा ख्रिस्ती अर्थ समजून घ्या

वडसा (देसाईगंज) स्थानक गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावर आहे. इथून उत्तरेला गोंदियाला गेलं की नागपूर-राजनांदगाव लाईन लागते. १८९३ च्या सुमारास याच लाईनवरच्या एका डब्यात कवी नारायण वामन टिळक आणि अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी यांची भेट झाली. टिळक राजनांदगावला निघाले होते. गप्पा रंगल्या आणि वॉर्ड यांनी त्यांना बायबल दिलं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. पुढे त्यांच्या वाट्याला २४ वर्षं आली. त्या वर्षांत त्यांनी मराठी भजनं लिहिली, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन केलं, ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरू केलं. ते मात्र त्यांच्या हातून पूर्ण झालं नाही.

आयुष्य क्षणभंगुर आहे, हे आपल्याकडे कीर्तनातही ऐकायला मिळतं आणि अंत्ययात्रेतही. पण ते मान्य केल्यावर उद्या सकाळी नेमकं काय करायचं? ख्रिस्ती परंपरा याचं उत्तर काय देते, ते पाहू.

‘दिवस मोजणं’ ही कल्पना आली कुठून?

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं ९० वं स्तोत्र मोशेची प्रार्थना म्हणून ओळखलं जातं. माणसाचं आयुष्य ७० वर्षांचं, फार तर ८० वर्षांचं, असं त्यात म्हटलं आहे. पण हे स्तोत्र देवाकडे जास्त वर्षं मागत नाही. आपले दिवस मोजायला शिकव, म्हणजे आम्हाला शहाणपण येईल, असं ते मागतं. स्तोत्राच्या शेवटी आणखी एक मागणी आहे: आमच्या हातचं काम टिकू दे.

म्हणजे दिवस मोजायचे ते घाबरण्यासाठी नाही, कामाला लागण्यासाठी.

राखेच्या बुधवारी अनेक चर्चमध्ये कपाळावर राखेचा क्रूस काढला जातो. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार आहे, याची ती आठवण असते. पण त्याच दिवशी ४० दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. मरणाची आठवण करून दिली की लगेच प्रार्थना, उपवास आणि दानाचा कार्यक्रम हातात दिला जातो.

येशूच्या गोष्टीतल्या शेतकऱ्याचं चुकलं काय?

लूकच्या शुभवर्तमानात एक दाखला आहे. एका श्रीमंत माणसाच्या शेतात भरपूर पीक येतं. ठेवायला जागा पुरत नाही. तो ठरवतो, जुनी कोठारं पाडायची, मोठी बांधायची आणि मग वर्षानुवर्षं आरामात खायचं. त्याच रात्री त्याचा मृत्यू होतो.

वडसा हा धानाचा पट्टा. इथे कोणी विचारेल, पीक साठवलं यात वाईट काय? साठवणं ही चूक नव्हतीच. त्याच्या सगळ्या बेतात फक्त ‘मी’ आणि ‘माझं’ होतं. गावातल्या दुसऱ्या कोणाचं नावही त्यात नव्हतं. शिवाय पुढची वर्षं आपल्या मालकीचीच आहेत, असं त्याने धरलं होतं.

याकोबाच्या पत्रातही हाच मुद्दा येतो. अमुक गावी जाऊ, वर्षभर धंदा करू, नफा मिळवू, असं म्हणणाऱ्यांना याकोब सांगतो की उद्या काय होईल हे तुम्हाला माहीत नाही. आयुष्य वाफेसारखं आहे. त्यामुळे बेत करा, पण ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असं म्हणून करा.

वेळ थोडा असेल, तर काम कशाला करायचं?

हा प्रश्न पहिल्या शतकातही पडला होता. थेस्सलनीका शहरातल्या काही ख्रिस्ती लोकांनी कामधंदा सोडला होता आणि ते नुसते फिरत होते. पौलाने त्यांना पत्रातून स्पष्ट सुनावलं की ज्याला काम करायचं नाही, त्याने खाऊही नये. इफिसकरांच्या पत्रात तर वेळेचा सदुपयोग करण्याचा सल्लाच आहे.

पण सदुपयोग म्हणजे रात्रंदिवस राबणंही नाही. सात दिवसांतला एक दिवस विश्रांतीचा, हा दहा आज्ञांपैकी एका आज्ञेचा भाग आहे. आपण एक दिवस थांबलो तरी जग चालू राहतं, हे मान्य करणं हाही दिवस मोजण्याचाच भाग आहे.

पंडिता रमाबाईंनी हे जगून कसं दाखवलं?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. आयुष्य किती थोडं असतं, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे तेव्हा याच मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात येत. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायकांना सोबत घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळाने स्वतःचं घर नेलं, त्यावर त्यांचं उत्तर म्हणजे हे काम.

शेवटची अनेक वर्षं त्या मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचं निधन झालं. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायका-मुलींच्या हातून छापलं गेलं.

या विचाराची दुसरी बाजू

‘आयुष्य थोडं आहे, आत्ताच निर्णय घ्यायला हवा’ असं एकाने ठरवलं की त्याची किंमत अनेकदा दुसऱ्याला मोजावी लागते. टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी हा काळ काहीही न लपवता लिहिला आहे.

म्हणून ख्रिस्ती शिकवणीत वेळेचा हिशेब माणसांपासून वेगळा काढता येत नाही. माझ्या उरलेल्या दिवसांचं मी काय करतो, इतकंच विचारून भागत नाही. त्यात माझ्या माणसांचं काय होतं, हेही विचारावं लागतं.

मग रोज काय करायचं?

ख्रिस्ती परंपरेतल्या काही साध्या सवयी अशा:

• सकाळी प्रार्थना करून दिवस देवाच्या हाती देणं.
• राग सूर्यास्तापर्यंतच ठेवणं. ही सूचना इफिसकरांच्या पत्रातली आहे. माफी मागायची तर आजच, कारण उद्याची खात्री नाही.
• रात्री दिवसाची उजळणी करणं: कशाबद्दल आभार मानायचे, कुठे चुकलं. इग्नेशियस लोयोला यांनी १६ व्या शतकात या आत्मपरीक्षणाला शिस्तशीर रूप दिलं.
• उद्याची चिंता आज न करणं. बेत करायला मनाई नाही, झुरायला आहे.
• दान पुढे न ढकलणं.

काम अर्धवट राहिलं तर?

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हे नवं काम सुरू केलं. ९ मे १९१९ रोजी, ५७ व्या वर्षी ते गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ज्या लक्ष्मीबाईंना लहानपणी धड शिक्षणही मिळालं नव्हतं, त्यांनी ते पुढे लिहायला घेतलं आणि त्याचा बराच मोठा भाग लिहिला. १९३६ मध्ये त्याही गेल्या. उरलेलं मुलगा देवदत्त यांनी पूर्ण केलं आणि पुस्तक १९३८ मध्ये छापून आलं.

९० व्या स्तोत्रात हातचं काम टिकू दे, अशी मागणी आहे. ते आपल्याच हातून पुरं होऊ दे, असं कुठेही म्हटलेलं नाही.