तबल्याची शाई

श्रोतेहो, भजनाला बसताना तबला पेटीच्या सुरात मिळवतात. शाहिराचा डफ तसा का मिळत नाही? तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, असे हिशेबात येतात. साध्या ताणलेल्या कातड्याचे मात्र १.५९ पट, २.१४ पट, असे आडवेतिडवे! कानाने सूर धरावा कुठे?

१९२० साली कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी दाखवून दिले, की मृदंग-तबल्याचे उपस्वर तारेसारखेच पडतात. किमया त्या काळ्या शाईची. मध्यावर वजन चढले, की कंपने हिशेबात येतात. पुढे रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून स्थिर राहणाऱ्या रेषाही उमटवून दाखविल्या. आमचा कारागीर तर त्याआधी कितीतरी पिढ्या लोहचूर्ण नि खळ घोटून थरावर थर देत होता, नि प्रत्येक थर कानाने तपासत होता.