एका खोलीसाठी जन्मलेला फोल्डर

11 सप्टेंबर 1940 रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हॅनोव्हरच्या डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांचे अधिवेशन भरले होते. बेल प्रयोगशाळेच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तेथे एक टेलिप्रिंटर मांडला आणि जमलेल्या मंडळींना त्यावर आकडे टंकायला सांगितले. गणित सोडवणारे यंत्र मात्र शेकडो किलोमीटर दूर, न्यूयॉर्कमध्ये होते. उत्तर तारेवरून परत येई आणि कागदावर उमटे. प्रेक्षकांत गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर होते आणि पुढे एनियाक हा संगणक उभारणारे जॉन मॉकलीही होते. कार्यालयाबाहेर बसून कार्यालयातल्या यंत्राकडून काम करून घेण्याच्या परंपरेचा माग काढत आपण निघालो, तर येथवर येऊन पोहोचतो. त्या दिवशी टंकणाऱ्याला ‘आपण कोण?’ असे यंत्राने विचारले नाही. माणसे ओळखीची होती, तेवढे पुरेसे होते. जो आत आहे तो आपला, हा भाव संगणकांच्या जगात पुढे कित्येक दशके टिकून राहिला, आणि आपल्या सामायिक फोल्डरची घडणही त्याच भावातून झाली.

ओळख विचारण्याची पाळी आली ती एकच यंत्र अनेकांत वाटले गेल्यावर. 1961 मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. अनेकांच्या फायली एकाच यंत्रावर आल्या, तेव्हा ज्याची फाईल त्यालाच दिसावी म्हणून पासवर्ड आला. तो फुटायलाही वेळ लागला नाही. 1962 मध्ये ॲलन शेर या संशोधकाला मिळणारा यंत्राचा वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्याने एक पंचकार्ड टाकून पासवर्डांची फाईलच छापून घेतली. 1971 च्या एप्रिलमध्ये त्याच एमआयटीत आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण यांनी आर्पानेटवर फायली ने-आण करण्याचा संकेत लिहून काढला. तोच एफटीपी. त्यात पासवर्ड तारेवरून उघडाच जाई. ते जाळे मूठभर विद्यापीठांचे आणि प्रयोगशाळांचे होते, त्यामुळे तेव्हा कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

आज कार्यालयात ज्याला आपण ‘शेअर्ड फोल्डर’ किंवा ‘झेड ड्राइव्ह’ म्हणतो त्याचा खरा पूर्वज मात्र 1983 च्या सुमारास आयबीएममध्ये जन्मला. बॅरी फायगेनबॉम यांची कल्पना विलक्षण साधी होती. डॉसवरच्या प्रोग्रामला फाईल हवी असली की तो ती डॉसकडे मागतो. ती मागणी वाटेत अडवायची, तारेवरून दुसऱ्या संगणकाकडे धाडायची आणि तिकडची फाईल इकडे आणून द्यायची. आपण परक्या संगणकावरची फाईल वाचतो आहोत हे प्रोग्रामला कळतही नाही. या संकेताला एसएमबी हे नाव मिळाले. पण तो ज्या वाहकावर चाले त्या नेटबीआयओएसला, आणि पुढे आलेल्या नेटब्युईला, दुसऱ्या जाळ्याचा पत्ता ही कल्पनाच ठाऊक नव्हती. संगणक आपले नाव जवळपासच्या सगळ्यांना ओरडून सांगे. जो ऐकेल तो शेजारी. नेटब्युईचा निरोप राउटरच्या पलीकडे जाऊच शकत नसे. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. कार्यालयाभोवतीची ती पहिली भिंत सुरक्षेसाठी कोणी बांधलेली नव्हती, ती केवळ एका संकेताची मर्यादा होती. तिच्या भरवशावर आतली दारे उघडी राहिली. सुरुवातीला पासवर्डसुद्धा माणसाला नसे, फोल्डरला असे, आणि तो सगळ्या विभागाला पाठ असे.

मार्च 1987 मध्ये इंटरनेटचे संकेत मांडणाऱ्या दोन आरएफसी दस्तऐवजांनी नेटबीआयओएसला टीसीपी-आयपीवर चालायला शिकवले आणि ती भिंत कागदोपत्री संपली. एका खोलीसाठी केलेली वस्तू आता जगाच्या रस्त्यावर धावू शकत होती. पुढे 1991-92 च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने तारेवरची पाकिटे निरखून हा संकेत उलगडला. त्यातून सांबा उभा राहिला आणि युनिक्स-लिनक्सची यंत्रेही विंडोजच्या संगणकांना फायली वाटू लागली. अनेक लहान कार्यालयांत कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या, जाळ्यावरून फायली साठवणाऱ्या नॅसच्या पेटीत आजही बहुधा सांबाच चालतो.

मग आले 1995. या एका वर्षापाशी आपण जरा थांबायला हवे. 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने मुंबईसह काही शहरांत सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. मोडेमचा कर्कश सूर ऐकत डायल-अपने जोडले जाण्याचे ते दिवस. त्याच वर्षी हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी जाळ्यावर कान लावून हजारो पासवर्ड टिपल्याचे उघडकीस आले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी काही महिन्यांतच कूटबद्ध जोडणी करून देणारे एसएसएच लिहून जुलैत ते सर्वांना मोफत दिले. एफटीपीचे दार, म्हणजे पोर्ट, 21 क्रमांकाचे आणि दूरच्या यंत्रावर काम करू देणाऱ्या टेलनेटचे 23 क्रमांकाचे. मधले 22 मोकळे होते, तेच त्यांनी मागून घेतले आणि ते मिळालेही. ज्या दोन उघड्या संकेतांची जागा घ्यायची होती, त्यांच्या बरोबर मधोमध. त्याच ऑगस्टमध्ये इंटरनेटवरची पाकिटे कूटबद्ध करणाऱ्या आयपीसेकचे पहिले दस्तऐवज निघाले. त्याआधी, 1993 मध्ये, जॉन आयोनिडिस आणि मॅट ब्लेझ यांनी स्वाइप नावाचा प्रयोग करून इंटरनेटवरून कूटबद्ध बोगदा, म्हणजेच आजच्या भाषेत व्हीपीएन, नेता येतो हे दाखवले होते. व्हीपीएनच्या आजच्या वापरकर्त्यांत हे नाव ठाऊक असणारे विरळाच.

बोगद्याची कल्पना कार्यालयांना लगेच पटली, कारण फोल्डरला हात लावावा लागत नव्हता. घरचा संगणक बोगद्यातून कार्यालयाच्या लॅनवर आणून बसवला की झेड ड्राइव्ह पूर्वीसारखाच दिसे. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने आलेला पीपीटीपी हा बोगद्याचा संकेत विंडोजसोबतच मिळू लागल्याने सर्वदूर पसरला. 1998 मध्ये ब्रूस श्नायर आणि ‘मज’ या टोपणनावाचे संशोधक यांनी त्याच्या विंडोजमधील रूपाची कमजोरी जाहीरपणे मांडली, तरी तो पुढे दीड दशक वापरात राहिला. जेम्स योनान मध्य आशियात प्रवास करत असताना त्यांची जोडणी अनोळखी सेवादात्यांच्या जाळ्यांतून जात होती. त्या अस्वस्थतेतून 2001 मध्ये ओपनव्हीपीएन आले. ही सारी मोठी कामे होती. तरीही वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत आलेल्याला माजघरापर्यंत कोणी हटकू नये, तसे या बोगद्यांचे झाले. आत आलेला तो आपला, हे जुने गृहीतक जसेच्या तसे राहिले.

काहींनी तर बोगद्याचाही खटाटोप केला नाही. विंडोज 2000 पासून एसएमबी थेट 445 क्रमांकाच्या पोर्टवर बोलू लागला. ‘साहेबांना घरून फाईल दिसली पाहिजे’ एवढ्या सांगण्यावर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून द्यायचे, की काम फत्ते. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच 445 वरून, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोष वापरून, दीडशेहून अधिक देशांत घुसला. त्या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिला होता. जूनअखेर नॉटपेट्या हा आणखी एक विध्वंसक प्रोग्राम आला. त्याची सुरुवात युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटपासून झाली. तेथून मर्स्क या जहाज कंपनीच्या अंतर्गत जाळ्यात तो शिरला आणि न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प झाले. कीव्हमधल्या हिशेबापासून उरणच्या धक्क्यापर्यंत हा घाला पोहोचला, कारण एकदा आत शिरल्यावर त्याला अडवणारे फारसे कोणी नव्हते.

भिंतीवर विसंबू नका, असे इंग्लंडमध्ये 2004 साली स्थापन झालेला माहिती-सुरक्षेच्या जाणकारांचा जेरिको फोरम सांगत होताच. तेव्हा ते फार थोड्यांनी मनावर घेतले. जानेवारी 2010 मध्ये गूगलने आपल्यावरील हल्ल्याची कबुली दिली आणि पुढच्या काही वर्षांत बियॉन्डकॉर्प ही व्यवस्था उभारली. कर्मचारी कार्यालयात बसला आहे की घरी, याला तिथे किंमत नाही. माणूस कोण आणि त्याचे यंत्र कोणते, हे प्रत्येक वेळी तपासले जाते. तरीही सर्वसामान्य कार्यालयांना या प्रश्नाशी खरी गाठ 25 मार्च 2020 ला, देशातल्या कोविड टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी पडली. चारच दिवसांनी, 29 मार्चला, लिनक्सची 5.6 ही आवृत्ती निघाली आणि जेसन डोनेनफेल्ड यांचे अवघ्या चार हजारांच्या आसपास ओळींचे वायरगार्ड हे व्हीपीएन त्यात समाविष्ट झाले. योगायोगच, पण वेळेवर आलेला.

आणि मूळ एसएमबी? 2012 मध्ये त्याच्या तिसऱ्या आवृत्तीला स्वतःचे कूटलेखन मिळाले. विंडोज सर्व्हर 2022 च्या अझूर आवृत्तीत तो क्विक या कूटबद्ध वाहकावर चालू लागला आणि 2025 च्या सर्व्हरमध्ये ही सोय सर्व आवृत्त्यांत आली. आता सर्व्हर आधी आपले प्रमाणपत्र दाखवतो, कूटबद्ध जोडणी तयार होते, आणि वापरकर्त्याची ओळख त्या जोडणीच्या आत पटवली जाते. हे सारे 443 वरून घडते. 445 बाहेरच्यांसाठी बंदच ठेवता येते. खोलीबाहेरचे जग ठाऊक नसलेल्या संकेताला हे जमायला सुमारे चार दशके लागली. पहिली आवृत्ती मात्र अजून पुरती गेलेली नाही. 2017 च्या अखेरीस विंडोजच्या नव्या स्थापनेतून ती वगळली गेली, पण स्कॅन केलेला कागद सामायिक फोल्डरात टाकणारी कित्येक जुनी झेरॉक्स यंत्रे तीच एक भाषा जाणतात, आणि त्यांच्यासाठी ती मुद्दाम पुन्हा चालू केली जाते.