सात नंबरचा माणूस

गेली पन्नास वर्षे मी सात नंबरचा माणूस होतो. माझी रास कुठली हे मला आठवत नाही, लग्नाची तारीख तर मी नेमाने विसरतो, पण झोपेतून उठवून कोणी "जोड्याचा नंबर?" असे विचारले असते, तरी "सात" हेच उत्तर आले असते. माणसाला आयुष्यात एखादी तरी गोष्ट नक्की ठाऊक असावी. मला ही होती.

या श्रद्धेला तडा गेला तो डॉक्टरांमुळे. त्यांनी मला फक्त चालायला सांगितले होते. पण मैदानावर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे गृहस्थ टणाटण धावताना पाहिले आणि मीही धावू लागलो. तीन महिन्यांत उजव्या अंगठ्याचे नख टपोऱ्या जांभळासारखे झाले. पाठोपाठ डाव्याने री ओढली. "साडेसाती असणार," असे आमच्या हिचे निदान. मुलीने मात्र फोनवर एकच प्रश्न विचारला, "बाबा, जोडे कसे घेतलेस?"

"कसे म्हणजे? दिसले, सात नंबर होते, घेतले."

पलीकडून एक दीर्घ उसासा ऐकू आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फक्त धावणाऱ्यांचेच जोडे विकणाऱ्या एका दुकानात बसलो होतो. संध्याकाळी अशासाठी, की दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि माप तेव्हाच घ्यावे, असा मुलीचा हुकूम होता.

दुकानातल्या मुलाने नंबर विचारलाच नाही. "काका, धावता कुठे? मातीत का डांबरावर? आठवड्यातून किती? जुने जोडे आणलेत?" मग त्याने माझ्या जुन्या जोड्याचा तळ उलटा करून, ज्योतिषी हात पाहतो तसा पाहिला. "बाहेरून झिजलाय," तो गंभीरपणे म्हणाला. आता ग्रहशांती सांगतो की काय, असे मला वाटले. पण तो एकदम गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "पाय द्या."

माझी पंचाईत इथे झाली. चुकून कोणाला पाय लागला तरी आपण हात छातीला लावून नमस्कार करतो. समोरचा माणूस आपल्या पायांशी वाकला, तर आपल्याला एकच गोष्ट सुचते. माझा उजवा हात आशीर्वादासाठी अर्धा वर गेलादेखील होता. तेवढ्यात मोज्याच्या भोकातून माझा अंगठा बाहेर डोकावला आणि आशीर्वाद जागीच राहिला.

त्याने एका धातूच्या पाटीवर मला उभे केले. उभे अशासाठी, की अंगाचा भार पडला म्हणजे पाऊल पसरते. सरकपट्ट्या पुढेमागे केल्या, दोन्ही पाय मोजले आणि निकाल वाचला : "डावा साडेआठ, उजवा आठ. पंजा रुंद."

"पुन्हा मोज बाळ."

त्याने पुन्हा मोजले. पाय बधले नाहीत. "पण काका," त्याने अगदी निरागसपणे विचारले, "तुम्ही सात का घालत होता?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शिवाय जोड्यांची किंमत ऐकली होती. तेव्हा "विचार करून येतो" म्हणालो आणि घरी येऊन खरेच विचार करत बसलो. 'सात' म्हणजे नेमके सात काय? सात इंच? सात बोटे?

वाचल्यावर कळले : सात म्हणजे सातू! विनोद नव्हे. विलायती मापात जोड्याचा एक नंबर म्हणजे जवाच्या, म्हणजे सातूच्या, एका दाण्याची लांबी. तीन दाणे उभे ओळीत ठेवले की एक इंच. या हिशेबाचे श्रेय इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डला देतात आणि साल १३२४ सांगतात. १६८८ साली रँडल होम याने आपल्या ग्रंथात जोडे शिवणाऱ्यांच्या मोजपट्टीची नोंद केली आहे. लहान मुलांचे माप चार इंचांपासून, म्हणजे बारा दाण्यांपासून सुरू होते. तेरा नंबर झाले की मोठ्यांची मोजणी पुन्हा एकपासून. म्हणजे बारा अधिक तेरा अधिक सात. ज्या लाकडी कलबुतावर सात नंबरचा जोडा बेततात, त्याची लांबी बत्तीस सातू! पन्नास वर्षे मी हे धान्य पायात घेऊन हिंडत होतो.

आपणही काही कमी नव्हतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ जवांचे मध्य म्हणजे एक अंगुळ असे कोष्टक आहेच. फरक इतकाच, की इंग्रजाने दाणा उभा धरला आणि आपण आडवा.

पण लांबी मोजली म्हणजे पाय मोजला असे थोडेच आहे? युरोपात एकोणिसावे शतक उजाडेपर्यंत बहुतेक जोडे सरळसोट असत. त्यांत डावा-उजवा भेदच नव्हता. जोडा कुठल्याही पायात घाला, दोन्हीकडे सारखाच चावणार. समता म्हणतात ती हीच असावी.

रुंदीची दखल नीटपणे घेतली ती अमेरिकेतल्या सिराक्यूज गावच्या चार्ल्स ब्रॅनक याने. बापाचे जोड्यांचे दुकान होते. पोराने १९२० नंतरच्या दशकात, मुलांच्या खेळातल्या मेकॅनोसारख्या पट्ट्या जोडून एक पायमाप बनवले. ते लांबी मोजी, रुंदी मोजी, आणि टाचेपासून अंगठ्याच्या बुंध्याच्या हाडापर्यंतचे अंतरही मोजी, कारण जोडा वाकतो तिथेच पायही वाकला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने शिपायांचे पाय याच यंत्रावर मोजले. माझे पाय ज्या पाटीवर ठेवले गेले, तिचा मूळपुरुष हाच.

त्याच काळात शास्त्र जरा चेकाळलेही. अमेरिकेत आणि इंग्लंडात जोड्यांच्या दुकानांतून चक्क क्ष-किरणांची यंत्रे आली. मुलाने नवे जोडे घालून पाय पेटीत सरकवायचे, आणि वरच्या तीन झरोक्यांतून मुलाने, आईने आणि विक्रेत्याने जोड्यातली हाडे बघायची. पोरांना ती जत्राच वाटे. या किरणांचा धोका ध्यानात आल्यावर १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने बंदी घातली, आणि पुढे ही यंत्रे अडगळीत गेली. जोडा कुठे चावतो हे पायाच्या मालकाला विचारावे, हा स्वस्त उपाय तेव्हा मागे पडला असावा.

आणि आपण? साहेब गेला, पण त्याचे सातू आपल्या पायांत राहिले. चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. निष्कर्ष काय, तर भारतीय पाऊल युरोपियन किंवा अमेरिकन पावलापेक्षा रुंद असते. त्यावरून 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. मी हे वाचून हिला ओरडून सांगितले, "साडेसाती नव्हे ग! राष्ट्रीय प्रश्न आहे!"

तरी त्या मुलाचा प्रश्न राहिलाच होता. सात का? तेव्हा आठवण झाली ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची.

बापाची वहाण मुलाला यायला लागली की मुलाला मित्र समजावे, म्हणतात. मी सतरा वर्षांचा असताना अण्णांचा काळा बूट माझ्या पायात शिरला. "झाला मोठा," एवढेच ते म्हणाले. तो एकच जोड आम्ही दोघांनी वापरला. ते घालून कचेरीत जात आणि माझी मुलाखत असली की त्या दिवशी चपला घालून जात. त्या बुटाच्या तळावर सात हा आकडा होता. पुढे नोकरी लागली, स्वतःचे बूट घेतले, दुकानदाराने नंबर विचारला. अण्णांचा सांगितला. घराण्याचे नाव सांगावे तसा.

हे मी काकांना फोनवर सांगितले. काका आता नव्वदीचे आहेत. ते खो खो हसले. "अरे, अण्णाचा नंबर आठ. तो बूट सेलमधला. निम्म्या किमतीत होता आणि सातच उरला होता. त्याच्या पायाला ती भोवरी कशाने झाली असं तुला वाटतं?"

भोवरी मला आठवत होती. रविवारी पत्री घेऊन ते ती खरवडत. "चालण्याचा त्रास," म्हणत. मुलाखतीला मी निघालो की दाराशी येऊन माझ्या पायांकडे बघत आणि विचारीत, "चावत नाही ना?" मी "नाही" म्हणे. मला तो बूट चावत असे. आम्ही दोघेही एकमेकांशी सभ्यपणे खोटे बोलत होतो.

तसे पाहिले तर धावायला जोडा लागतोच असेही नाही. दोराबजी टाटांनी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना पाहिली आणि त्यातून १९२० साली भारतीय खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्यांतल्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा क्रमांक मिळवला. १९६० साली रोममध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाला मिळालेले जोडे पायाला बसेनात. त्याने ते बाजूला ठेवले, अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत सुवर्णपदक घेतले. चार वर्षांनी टोकियोत तोच जोडे घालून धावला, आणि पुन्हा पहिला आला. म्हणजे त्याचे वैर जोड्याशी नव्हते, न बसणाऱ्या जोड्याशी होते. हे सांगायला पन्नास वर्षांत माझी जीभ रेटली नव्हती.

आठवड्याने मी पुन्हा दुकानात गेलो. या वेळी मोजे नवे होते. मुलाने तीन जोड पुढे ठेवले. बोटांपुढे अंगठाभर जागा आहे की नाही ते दाबून पाहिले, मोठ्या पायाच्या मापानेच घ्यायचे म्हणाला, आणि मला फुटपाथवर धावायला पिटाळले. मी हुशारी दाखवायला पायाच्या कमानीबद्दल विचारले. तो म्हणाला, "काका, ते असू द्या. कुठला बरा वाटला? डोळ्यांनी नको, पायांनी सांगा."

पोरगा मोठ्या परंपरेतला निघाला. अमेरिकन सैन्याने २०१० च्या आसपास नव्या शिपायांना तळव्याचा आकार पाहून जोडे दिले, तर दुखापतींत फारसा फरक पडला नाही. कॅलगरीच्या बेनो निग या शास्त्रज्ञाने २०१५ साली मांडले, की धावणाऱ्याने आपल्याला सुखाचा वाटेल तो जोडा निवडावा. सातूच्या दाण्यापासून क्ष-किरणांपर्यंत फिरून गाडी अखेर पायाच्या मालकाजवळ आली.

मी मधला जोड घेतला. साडेआठ, रुंद. आत माझी करंगळी हलली. इतक्या वर्षांत ती हलते हेच मला ठाऊक नव्हते.

"जुने टाकून देऊ का?" मुलाने विचारले.

"नको, पिशवीत दे."

ते कपाटाच्या तळाशी आहेत. सवय अजून गेलेली नाही. परवा चपला घ्यायला गेलो, दुकानदाराने नंबर विचारला आणि तोंडातून "सात" निघून गेले. मग मी पाय पुढे केला आणि म्हटले, "थांबा, मोजूनच बघा."