रडतोंडीची वाट

महाबळेश्वर आमच्या घराला नवे नाही. मे महिन्याची सुट्टी लागली की चार दिवस तिथे जाऊन राहायचे, हा वडिलांच्या वेळेपासून आमचा कुळाचारच होऊन बसला आहे. कार्यक्रमही ठरलेला. पहिल्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरी जाऊन पंचगंगेचे दर्शन घ्यायचे, दुसऱ्या दिवशी आर्थर सीट, तिसऱ्या दिवशी वेण्णा तलावात नौकाविहार, आणि रोज संध्याकाळी सूर्यास्त पाहायला बॉम्बे पॉइंट. परतताना जांभळाचा मध आणि स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याच्या बाटल्या. इतकी वर्षे हे चालले आहे. पण त्या डोंगराला काही विचारावे, असे आमच्यापैकी कुणाच्या मनात आले नव्हते.

ते आले माझ्या धाकट्या मुलीच्या मनात. ती नुकतीच चौथी पास झालेली. चौथीचे इतिहासाचे पुस्तक म्हणजे शिवाजीमहाराजांचे चरित्र, हे वाचकांना सांगायला नकोच. बॉम्बे पॉइंटच्या कठड्याशी उभी राहून ती पलीकडच्या डोंगररांगांकडे पाहत होती. एकाएकी तिने विचारले, "बाबा, अफजलखान वाईला होता ना? मग तो प्रतापगडाखाली गेला कसा? मध्ये तर एवढा मोठा डोंगर आहे!"

मी म्हणालो, "रस्त्याने गेला असेल."

"पण हा मोटारीचा रस्ता तेव्हा कुठे होता?"

मला उत्तर देता येईना. शाळेत आणि कॉलेजात इतिहास शिकलो, दहा नोव्हेंबर १६५९ ही तारीख झोपेतही सांगेन. पण खान कोणत्या पायवाटेने त्या तारखेपर्यंत पोचला, ते मला ठाऊक नव्हते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पानांच्या द्रोणांत करवंदे विकत बसले होते. आमचे बोलणे त्यांच्या कानावर गेले असावे. ते हसून म्हणाले, "ही काय हितनंच. रडतोंडीची वाट. मोटार न्हवती तवा आमची मानसं ह्याच वाटंनं वर बाजाराला यायची. डोईवर वझं घिऊन चढताना रडू यायचं, म्हून रडतोंडी."

ज्या कठड्यावर टेकून मी वर्षानुवर्षे सूर्यास्त पाहिला, त्याच्याच पलीकडून ती वाट उतरत होती!

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मामा आम्हांला घेऊन निघाले. (मुलीने त्यांना 'आजोबा' केव्हाच करून टाकले होते.) वरचा सपाटीचा भाग संपला आणि कारवीच्या दाट रानात वाट शिरली. जांभूळ, हिरडा, अंजन यांची बुटकी, शेवाळ लागलेली झाडे. वाट कुठे दोन हात रुंद, तर कुठे नुसताच पाण्याने खणलेला चर. महाबळेश्वरी वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पाऊस कोसळतो. ज्या वाटेवर माणसाचा पाय नित्य पडत नाही, ती दोन-चार पावसाळ्यांत डोंगर परत घेतो. मामा पुढे होऊन कोयत्याने झुडपे बाजूला करीत होते आणि मागून आम्ही एकेक जण. आम्ही पाच माणसे. पण आमचीही रांगच झाली. दोघांना शेजारी शेजारी चालता येत नव्हते.

आणि तिथेच मला इतिहास समजला.

खानाची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. पण ती या वाटेवर उभे राहून आठवून पाहावी. १६५६ च्या जानेवारीत महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि त्यानंतर भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड उभा राहिला. ही जावळी म्हणजे घाटमाथा आणि कोकण यांच्यामधला दरवाजा. १६५९ साली विजापूरहून अफजलखान निघाला, तो वाईस येऊन थांबला. वाई त्याच्या माहितीची होती. पूर्वी तो त्या प्रांताचा सुभेदार होता. मोकळ्या मैदानात त्याच्या घोडदळाशी आणि तोफांशी गाठ घालण्यात शहाणपण नव्हते. म्हणून महाराज प्रतापगडावर येऊन राहिले. 'आपण भ्यालो आहो, वाईस येण्याचा धीर होत नाही, खानसाहेबांनीच जावळीस यावे,' असे बोलणे त्यांच्या वतीने पंताजी गोपीनाथ यांनी लावले. खान फुशारला आणि निघाला. तो रडतोंडीच्या घाटाने उतरून पारला गेला, असे बखरी सांगतात. पार हे गाव प्रतापगडाच्या पायथ्याशी, कोयनेच्या खोऱ्यात आहे. तिथली रामवरदायिनी देवी आणि शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आजही पाहायला मिळतो.

आता कल्पना करा. हत्ती, उंट, घोडे, बाजारबुणगे आणि शामियान्यांचे सामान असा तो सरंजाम या दोन हात वाटेवरून उतरतो आहे. पुढचा माणूस पारला पोचला, तरी शेवटचा अजून पठारावरच! मध्ये कुणाला वळावेसे वाटले, तर वळणार कुठे? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि सभोवार असे रान की दहा हातांवरचा माणूस दिसू नये. वाट सोपी व्हावी म्हणून महाराजांनी ती आधी साफ करून ठेवली होती, असेही सांगतात. पाहुण्याला आत यायला वाट साफ होती. परतायला मात्र तीच एक वाट, आणि तीही चढणीची. गडावरून तोफेचा इशारा झाला तेव्हा पारच्या छावणीवर मावळे चालून गेले, आणि घाटमाथ्याची बाजू नेताजी पालकर सांभाळीत होता. खानाचा मुलगा फाजलखान निसटला, तोही रानातल्या आडवाटांनीच. वाघनखांची गोष्ट आपण मुलांना रंगवून सांगतो, आणि ती सांगावीच. पण त्या दिवशीचा निम्मा विजय भेटीच्या आधीच या उतरणीवर मिळालेला होता. हे मला पुस्तकांनी सांगितले असेलही. कळले मात्र पाय घसरून दोनदा आपटल्यावर.

अर्धी उतरण झाल्यावर आम्ही एका सपाट दगडावर फराळाचा डबा उघडला. समोर प्रतापगड कोवळ्या उन्हात दिसत होता. माझ्या मनात दुसराच हिशेब चालला होता. 'महाबळेश्वरचा शोध' १८२४ मध्ये जनरल लॉडविकने लावला, असे आपण वाचतो. त्याच्या नावाचे टोक आहे, स्तंभ आहे. पुढे १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम आले आणि १८२९ च्या करारान्वये सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा इंग्रजांनी घेतली, माल्कमपेठ वसली. त्यानंतर मुंबईचे साहेब सावित्रीच्या खाडीने महाडच्या बाजूला येत आणि पालखीत बसून पारच्या अंगाने घाट चढत. बॉम्बे पॉइंट हे नावही त्या जुन्या मुंबईच्या वाटेवरून पडलेले. म्हणजे लॉडविकच्या आधी एकशे पासष्ट वर्षे एक अख्खी फौज येथून उतरली होती, आणि त्याच्याही आधी कितीएक पिढ्या पारची माणसे येथून चढत होती. मग शोध कुणी लावला?

मी हे मामांना विचारले. भाकरीचा तुकडा मोडीत ते म्हणाले, "सायब, वाट हुतीच. आता मातुर जाईल. पोरं यष्टीनं जात्यात. माझं पाय थकलं की कोयता कोन मारनार?"

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण माझ्या घशाशी घास अडकला. किल्ल्याची भिंत ढासळली, तर ती निदान दिसते. वर्तमानपत्रात पत्रे येतात, कुणी डागडुजीची मागणी करतो. वाट मेली तर कुणाला कळत नाही. तिला भिंत नाही, बुरूज नाही. चालणाऱ्यांचे पाय एवढाच तिचा चिरेबंदी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबेनळीचा गाडीरस्ता झाला, मग मोटारी आल्या आणि रडतोंडी मागे पडली. रस्ता व्हायलाच हवा होता. डोईवर ओझे घेऊन रडत चढावे, असे कोण म्हणेल? पण जिने एवढा इतिहास घडताना पाहिला, तिची ओळख मामांच्या कोयत्याबरोबर संपावी, हे काही बरे नव्हे.

परत वर चढताना मुलीच्या तोंडून खरोखरच रडू फुटायच्या बेतात आले. मामांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "रड की! नावच तसं हाय वाटंचं." ती खुदकन हसली आणि उरलेला चढ तिने मोजीत मोजीत संपवला. वर पोचल्यावर तिने कठड्यावरून वाकून पाहिले. खाली नुसते हिरवे रान दिसत होते. वाटेचा मागमूस नव्हता. "आता मला दिसते," ती म्हणाली.

वाचकहो, पुढच्या सुट्टीत महाबळेश्वरला गेलात, तर सूर्यास्त पाहाच. पण एक पहाट राखून ठेवा. पावसाळ्यात जाऊ नका, एकटे जाऊ नका, पाणी बरोबर घ्या आणि वाटाड्या खालच्या गावातलाच घ्या. त्याला योग्य मेहनताना द्या. मुलांना मात्र न विसरता न्या. आमच्या घरच्या कुळाचारात तरी आता एक कार्यक्रम वाढला आहे. येत्या मे महिन्यात मुलीने स्वतःसाठी एक लहानसा कोयता मागितला आहे. तो द्यावा की नाही, यावर तिच्या आईची आणि माझी बोलणी अजून चालू आहेत.